१९६३ नंतरही हवेत स्फोट झालेच

हवेतल्या अणुचाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३ च्या करारानंतर त्या थांबल्या, हे तुमच्या अणुचाचण्यांवरच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. फ्रान्सने त्या करारावर सहीच केली नाही. १९७४ पर्यंत पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशिया बेटांवर हवेत स्फोट केले. चीनने तर १९८० पर्यंत.

आणि लेखात मच्छीमार कुठे आहेत? मी हर्णैची, आमचं घर मासळीवर चालतं. १ मार्च १९५४ ला पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावर अमेरिकेने केलेल्या अणुस्फोटाची पांढरी राख जपानी ट्युना बोटीवर पडली. बोट जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती! २३ जणांना किरणोत्सर्ग बाधला, रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरात गेला. जपानात ट्युना जमिनीत पुरावी लागली, गिऱ्हाईक मासळीकडे फिरकेना. आमच्याकडे तेलगळतीची नुसती अफवा उठली तरी लिलावात पापलेटचा भाव पडतो. आरोग्याच्या नुकसानीबरोबर या बुडालेल्या धंद्यावरही लिहा.