सहावा नंबर

शनिवारी, १ मार्च २०२५ ला, अंधेरीत फुटबॉलची मुंबई सिटी विरुद्ध मोहन बागान मॅच होती आणि देवाकडे माझं मागणं फार मोठं नव्हतं. आम्हाला सहावं यायचं होतं. त्या हंगामात तेरा संघांची आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, आणि त्यातले पहिले सहा कपासाठीच्या प्लेऑफला जाणार होते. आमचे एकवीस सामन्यांत ३२ गुण. मोहन बागानचे बावीस सामन्यांत ५२, आणि आदल्या रविवारी ओडिशाला हरवून त्यांनी लीगमधल्या पहिल्या नंबरची शील्ड आधीच खिशात घातलेली. म्हणजे या सामन्यात त्यांना कमवायचं काही नव्हतं आणि गमवायचंही काही नव्हतं. असल्या संघाची मला मनापासून भीती वाटते. डोक्याला ताप नसलेली माणसं फार सुरेख खेळतात.

बायको येणार होती. तिच्या मावसबहिणीचं केळवण मध्येच उपटलं. उरलेलं तिकीट तिनं मला न विचारता सोसायटीच्या खजिनदार काकांना देऊन टाकलं. "एकटेच असतात, तेवढाच विरंगुळा," असं तिचं म्हणणं. विरंगुळा कुणाचा होणार आणि कुणाच्या जिवावर, हे तिला केळवणाच्या पंगतीत बसून कळणार नव्हतं.

काकांचं आयुष्य एका सहकारी बँकेत हिशेब तपासण्यात गेलं. लिफ्टच्या दुरुस्तीचं बिल आलं की ते आधी त्यावरची बेरीज स्वतः करून बघतात आणि बरोबर निघाली की नाराज होतात. मार्चच्या उकाड्यात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून ते पार्ले स्टेशनवर माझ्या आधी हजर होते. अंधेरीला उतरून आम्ही मेट्रो पकडली. आझाद नगर येईपर्यंत त्यांनी माझ्या आशेची तपासणी पुरी केली.

"त्यांचा पहिला नंबर झाला म्हणतोस."

"हो."

"मग आज आपण जिंकलो तर?"

"आपले पस्तीस होतील."

"म्हणजे आपण दुसरे?"

"नाही काका. सहावे राहू. मागून ओडिशा येतंय. आणि आपले कोची आणि बेंगळुरू बाकी आहेत, दोन्ही त्यांच्या मैदानात."

"बरं. सहावे आलो की कप?"

"नाही. मग तिसऱ्या नंबरवाल्याच्या घरी जाऊन एक सामना."

"तो जिंकला की कप?"

"नाही. मग सेमीफायनल. दुसऱ्या नंबरवाल्याशी. दोन सामने. आणि मग फायनल."

काका थोडा वेळ डब्यातल्या नकाशाकडे बघत राहिले. "म्हणजे फिरून परत यांच्याशीच गाठ पडू शकते?"

"फायनलला पडू शकते."

"मग जे काय असेल ते आजच मिटवून का टाकत नाहीत?"

समोरच्या सीटवरचा निळ्या जर्सीतला पोरगा हसला. मला त्याचा राग आला. कारण याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, त्याच्याकडेही नसणार, आणि तरी आम्ही दोघं गळ्यात स्कार्फ अडकवून चाललो होतो.

असल्या प्रश्नांची मला सवय नाही असं नाही. माझा मेहुणा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. त्याच्या लेखी फुटबॉल शाहू स्टेडियमच्या भिंतीच्या आत सुरू होतो आणि आतच संपतो. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ. तालमीच्या नावाचा संघ, तालमीच्या नावाचा झेंडा, आणि हरलं की घरी जायचा रस्ता बदलायचा. मी एकदा मोठ्या हौसेनं त्याला अंधेरीला घेऊन गेलो. त्यानं मध्यंतरापर्यंत कौतुकानं सगळं पाहिलं आणि मग विचारलं, "दाजी, ही पेठ कुठली?" म्हटलं, पेठ नाही रे, अख्ख्या मुंबईचा संघ आहे. "मग भांडायचं कुणासंगं?" म्हणाला. मला तेव्हा हसू आलं होतं. नंतर नंतर येईनासं झालं.

कारण मोहन बागान आली की आमच्याच मैदानात पाहुणे आम्ही असतो. मैदान जेमतेम सात हजारांचं. त्यात ओशिवरा, मालाड, कांदिवली आणि कुठून कुठून बंगाली कुटुंबं हिरवे-मरून झेंडे घेऊन उतरतात. आजी, जावई, कडेवरचं पोर, सगळे. त्यांचा कोलकात्याचा क्लब १८८९ चा. १९११ मध्ये बहुतेकांनी अनवाणी खेळून गोऱ्यांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवलं, ही गोष्ट त्या कडेवरच्या पोरालाही पाठ असते. आमचा क्लब २०१४ चा. आमच्याकडे पूर्वज नाहीत, फक्त अनेल्का आणि फोर्लान हे परदेशी तारे आहेत, आणि तेही चार दिवस राहून गेले. बरं, आम्ही काही कमावलं नाही असंही नाही. दोनदा शील्ड, दोनदा कप, त्यातला २०२४ च्या मे महिन्यातला तर याच मोहन बागानला त्यांच्या सॉल्ट लेक मैदानावर ३-१ हरवून आणलेला. पण हे सांगायचं कुणाला? ऑफिसात सांगितलं तर "अच्छा, आपल्याकडे पण असते का लीग?" म्हणतात. हीच माणसं मँचेस्टरच्या सामन्यासाठी मध्यरात्री जागतात आणि दुसऱ्या दिवशी 'आपण' कसे हरलो ते सांगतात. आपण! दादरच्या पुढे लोकलनं न गेलेला माणूस, आणि म्हणे आपण.

जाऊ द्या. काकांवर छाप पाडावी म्हणून मी त्यांना याच मैदानातली डिसेंबर २०२३ ची गोष्ट सांगितली. मुंबई-मोहन बागान, रेफ्रीनं एकूण सात लाल कार्डं काढली, काही तर शिट्टी वाजून खेळ संपल्यावर. तरी आम्ही २-१ जिंकलो. मी रंगवून सांगितली. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि दंड? तो खेळाडूनं भरायचा की क्लबनं?"

सामना सुरू झाला. ड्रम बडवणाऱ्या पोरांच्या स्टँडपासून आम्ही बरेच लांब होतो, पण उभं राहायची सवय असल्यानं मी उभा राहिलो. काकांनी माझा शर्ट धरून मला खाली बसवलं. "पैसे खुर्चीचे दिलेत ना?" मॅकलारेननं पहिला गोल मारला तेव्हा हिरवा-मरून कोपरा उसळला आणि मी कपाळाला हात लावला. पेट्राटोसनं दुसरा मारला तेव्हा हात तिथंच होता. मध्यंतराला ०-२. काका चिक्की खात होते.

"यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही," त्यांनी समजूत काढली. "त्यांचे बावन्न, आपले बत्तीस. वीसची तफावत आहे. ती मैदानात दिसणारच. दिसली नसती तर मला शंका आली असती."

आणि मग दुसऱ्या अर्धात ते झालं, ज्यासाठी माणूस हे सगळं सहन करतो. दीपेंदू विश्वासला लाल कार्ड मिळालं, त्यांचे दहा राहिले. ("बदली कुणी पाठवत नाहीत?" "नाही काका." "रजा मंजूर, बदली नाही. आमच्याकडे हेच होतं.") पाठोपाठ आमच्या तोरालनं एक गोल फेडला. १-२. मी उभा राहिलो आणि काकांना माझा शर्ट सापडेना. शेवटची पंचवीस-तीस मिनिटं मुंबई नुसती त्यांच्या गोलवर चालून जात होती. घशाला कोरड पडलेली, पोटात गोळा. सामन्यातली पाचच मिनिटं राहिली असताना स्वेटरच्या खिशातून एक डबी निघाली.

"अरे, माझी रात्रीची गोळी राहिली."

"काका, पाच मिनिटं."

"बीपीची आहे. वेळेवर लागते."

आता बीपीच्या गोळीपुढे काय बोलणार? बाटली आत आणता येत नाही, पाणी स्टँडच्या मागे मिळतं. काकांचा गुडघा दुखतो. मी पळालो. पायऱ्या उतरलो, वळलो, स्टॉलपुढच्या रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढच्या गृहस्थांना पॉपकॉर्न खारं हवं होतं की कॅरॅमल, हे त्यांना घरी विचारायचं होतं, फोनवर. शेवटी वरती चांदीचा कागद चिकटवलेला एक प्लास्टिकचा ग्लास माझ्या हातात आला, वीस रुपये दिले, आणि त्याच क्षणी डोक्यावरचा सिमेंटचा स्टँड हादरला. आवाज नुसता ऐकू येत नाही तिथं, टाळूतून खाली उतरतो. पाणीवाला पोरगा स्टॉल टाकून पायऱ्यांकडे धावला. मीही धावलो. ग्लास दाबला गेला, कागद फाटला, मनगटापासून कोपरापर्यंत पाणी.

वर पोचलो तर काका उभे होते. त्यांच्या गळ्यात कुणाचा तरी आकाशी स्कार्फ होता. मागच्या रांगेतल्या दाढीवाल्यानं त्यांना कवटाळलेलं होतं आणि काका त्याच्या पाठीवर थोपटत "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत होते. ती मिठी माझी होती. डीवाय पाटील स्टेडियमला नेरुळपर्यंत तंगडतोड करायचो तेव्हापासून मी ती कमावत होतो.

"कुणी मारला?" मी ओरडलो.

"आपल्यानं."

"हो, पण आपल्यातल्या कुणी?"

"तो नाही का रे, केसवाला."

मैदानात दोन्हीकडचे मिळून एकवीस जण, आणि झाडून सगळ्यांना केस.

"नंबर काय होता?"

"नंबर पाठीवर असतो. तो समोरून येत होता."

"डाव्या बाजूनं की उजव्या?"

"कुणाच्या डाव्या?"

"काका! बरं, मारला कसा? पायानं की डोक्यानं?"

"डोक्यानं चालतो?" काकांना खरोखर नवल वाटलं. "मग ते बघावं लागेल."

"पास कुणी दिला ते तरी?"

"असं आहे, आधी बॉल तिकडे होता. मग इकडे आला. इथं गर्दी झाली. गर्दीत काय ते झालं, आणि मग बॉल जाळीत."

"गर्दीत काय झालं?"

"ते नेमकं सांगता येणार नाही. मी चष्मा पुसत होतो."

"म्हणजे तुम्ही पाहिलाच नाही!"

"पाहिला ना. जाळीत पडलेला पाहिला. मधल्या नोंदी कशाही असोत, अखेरची शिल्लक डोळ्यांनी पाहिली म्हणजे झालं." आणि हात पुढे करून, "पाणी?"

दाढीवाल्यानं मला सांगितलं, नेथन रॉड्रिग्ज, एकोणनव्वदावं मिनिट. सांगितलं ते माझ्याकडे न बघता. गोलच्या वेळी जागेवर नसलेल्या माणसाकडे बघतात तसं बघितलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही नाही. २-२ झाली, शिट्टी झाली, आमचे ३३ झाले. सहाव्या नंबरची आशा शिल्लक. लोक गात होते. परतीच्या मेट्रोत मी मोबाइलवर तो गोल पाहिला, मग पुन्हा पाहिला. चांगला आहे. पण पाच इंची काचेवर, आवाज बंद, शेजारी काका "हाच तो, केसवाला, मी म्हटलं नव्हतं?" म्हणत असताना. त्याला गोल पाहणं म्हणायचं तर लग्नाचा अल्बम पाहिलेल्यांनाही आहेराचं पाकीट मागायला हवं.

मला खरी चीड कशाची आली ते सांगतो. काकांना काहीच नको होतं. सहावा नंबर नको, कप नको. दोन गोल बसले तरी त्यांची चिक्की संपली नाही. आणि आनंद मात्र त्यांच्या पदरात आयता पडला, वर स्कार्फ. (तो दाढीवाल्यानं परत मागितला नाही. मी माझा विकत घेतला होता.) आठवडाभर गुणतक्ता घेऊन बसणाऱ्याच्या वाट्याला रांग, पॉपकॉर्न आणि ओली बाही. वर घरी आल्यावर बायको म्हणाली, "काकांना मजा आली म्हणे! बघ, मी म्हटलं नव्हतं?"

दुसऱ्या दिवशी रविवार. दुबईत भारत-न्यूझीलंड होती, त्यामुळे सकाळपासून खालच्या बाकावर जो तो खेळाचा जाणकार झालेला. मी दूध आणायला उतरलो तर काका मध्यभागी बसून, गळ्यात स्कार्फ, अंधेरीचा वृत्तांत देत होते. वॉचमन, सेक्रेटरी आणि दुसऱ्या मजल्यावरचे दोघे भाऊ ऐकत होते. गोल आता डाव्या बाजूनं सुरू होत होता. गर्दीत एकाला ढकललं होतं, ते रेफ्रीला दिसलं नाही पण काकांना दिसलं. केसवाल्यानं आधी एकदा हूल दिली होती. मी गोल सहा वेळा मोबाइलवर पाहून आलो होतो, यातलं काही त्यात नव्हतं.

"हा होता ना बरोबर," काकांनी मला पाहून सांगितलं. "विचारा याला." मग थांबून, "नाही, हा खाली होता."

सगळ्यांनी माझ्याकडे हळहळून पाहिलं. सेक्रेटरी म्हणाले, "अरेरे. असं कसं रे, ऐनवेळी गेलास?"

मी दुधाची पिशवी घेऊन वर आलो. तेवढ्यात फोन वाजला. जीपेवर काकांकडून दहा रुपये आले होते. खाली शेरा होता: 'फुटबॉल, पाणी. अर्धाच ग्लास मिळाला.'