'आजीकडून प्रेमाने' एवढंच लिहून गोधडी देऊ नका

हे थोडं खडूस वाटेल, पण बोलूनच टाकते. हाताने शिवलेल्या गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात 'आजीकडून प्रेमाने' एवढंच लिहिलेलं असतं ना, ते मी लेबल धरतच नाही. कोणाची आजी? उद्या ती गोधडी नातवाकडून त्याच्या मुलीकडे जाणार, तिला या बाजूच्या त्या बाजूच्या मिळून चार-सहा आज्या-पणज्या, आणि त्यातली नेमकी कोण हे सांगू शकणारं माणूस तोवर घरात उरलेलं नसणार. प्रेम पोचलं, बाई गाळली गेली.

आणि हे निदान काहीतरी लिहिणाऱ्यांचं झालं. बहुतेक जणी काहीच लिहीत नाहीत. महिनोन् महिने मान मोडून धावदोरा घालतील, एक ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेला चौकोन, जरासा तिरका गेला म्हणून अख्खी रांग उसवतील, आणि नाव घाल म्हटलं की 'छे गं, एवढं काही भारी नाही झालंय'. चित्रकार कॅनव्हासच्या कोपऱ्यात सही ठोकतो तेव्हा त्याला कोणी आगाऊ म्हणत नाही, मग इथेच कसला आलाय संकोच?

या संकोचाचं पुढे काय होतं ते बघा. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने अमेरिकन क्विल्ट्स, म्हणजे तिकडच्या गोधड्या, आधुनिक चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या. प्रदर्शन गाजलं, क्विल्टकडे कला म्हणून बघायला त्यानंतर बरेच लोक शिकले. पण त्यातल्या बहुतेक क्विल्ट्स कोणी केल्या ते माहीतच नव्हतं! रंगांचं कौतुक झालं, जमवणाऱ्यांचं नाव झालं, शिवणाऱ्या गायब. २००२ मध्ये त्याच म्युझियममध्ये अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकांच्या क्विल्ट्स आल्या त्या मात्र नावानिशी, लॉरेटा पेटवे, मेरी ली बेंडॉल्फ, ॲनी मे यंग. कारण यातल्या कित्येक जणी हयात होत्या आणि ज्या नव्हत्या त्यांच्या मुली-सुना होत्या, विचारायला माणूस होतं. प्रत्येक गोधडीचं नशीब असं नसतं.

हॅरिएट पॉवर्सची गोष्ट तर मला कधीच विसरता येत नाही. १८३७ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात गुलामीत जन्मलेली बाई. बायबलमधल्या गोष्टींची तिची क्विल्ट आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे. १८८६ मध्ये एका कापूस मेळाव्यात जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला शिकवणाऱ्या बाईंनी ती पाहिली आणि विकत मागितली, हॅरिएटने साफ नाही सांगितलं. पुढे दिवस ओढगस्तीचे आले तेव्हा ती स्वतःच विकायला गेली, मागितले दहा डॉलर आणि मिळाले पाच. पण देताना एकेका चौकोनात काय आहे ते तिने समजावून सांगितलं आणि जेनीबाईंनी ते लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला ती क्विल्ट वाचता येते. तिच्या हातच्या फक्त दोनच आज माहीत आहेत, दुसरी बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये, आणि तिच्याबरोबरही टिपणं आहेत. एवढा सफाईदार हात असलेल्या बाईने आयुष्यात दोनच केल्या असतील हे मला पटत नाही. बाकीच्या कुठे गेल्या असतील? कोणाच्या तरी पलंगावर झिजल्या असतील, नाव नाही, टिपण नाही, मग जुनं फडकंच की ते.

बरं, नुसता मजकूर असला म्हणजे झालं असंही नाही. १८४१ मध्ये 'राजा' नावाच्या जहाजातून शिक्षा झालेल्या १८० च्या आसपास बायकांना इंग्लंडहून व्हॅन डिमन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला, पाठवलं. कैदी बायकांसाठी झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांच्या संस्थेने त्यांना कापडाचे तुकडे, सुया, दोरे दिले होते, त्यातून त्या बायकांनी प्रवासात एक भलीमोठी चादर जोडली, ती आज ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिच्यावर सुईने काढलेला चांगला लांबलचक मजकूर आहे, जहाजाचं नाव आहे, महिना-साल आहे, ज्यांना अर्पण केली त्या कमिटीच्या बायकांचा आदराने उल्लेख आहे. आणि शिवणाऱ्या? 'जहाजावरच्या कैदी'. एकीचंही नाव नाही. ज्यांच्या बोटांना सुया टोचल्या त्या सोडून सगळ्यांची नोंद झाली.

याच्या अगदी उलट चांगीच्या क्विल्ट्स. १९४२, सिंगापूर, जपान्यांच्या कैदेत असलेल्या बायकांनी प्रत्येकी सहा इंची एक चौकोन भरला, त्यात आपलं असं काहीतरी काढायचं आणि नाव घालायचं. वरवर त्या हॉस्पिटलमधल्या जखमींसाठी होत्या, पण पलीकडे पुरुषांच्या छावणीत नवऱ्यांना नावं दिसली की कळणार होतं, ही जिवंत आहे. त्यातली एक ऑस्ट्रेलियन सैनिकांसाठी होती, तिच्या मागे शाईने कोणी कोणासाठी केली ते लिहिलंय, युद्ध संपल्यावर ती कुठे द्यायची ते लिहिलंय, आणि खाली, ही ड्रायक्लीन करावी! कैदेत बसून धुण्याची सूचना लिहिणाऱ्या त्या बाईला माझा दंडवत. लेबल लिहावं तर असं.

तर आता मुद्द्याचं. पूर्ण नाव घाला, माहेरचं आडनाव असेल तर तेही घाला, कारण नाव बदललेली बाई कागदपत्रांत शोधणं किती अवघड जातं ते वंशावळ काढणाऱ्यांना विचारा. कोणासाठी, कशानिमित्त, कुठे शिवली, कधी सुरू केली, कधी संपली. सुरुवातीचं आणि शेवटचं साल वेगळं असेल तर दोन्ही, लाजू नका, अकरा वर्षं लागली असतील तर लिहा अकरा वर्षं लागली. कापड कुठलं आलं तेही लिहा. जाणकार लोक कापडावरून काळ सांगतात खरं, पण त्यावरून एवढंच कळतं की गोधडी तिच्यातल्या सगळ्यात नव्या कापडाच्या आधीची नाही. तीस वर्षं ट्रंकेत जपलेली कापडं काढून कोणी आज शिवली तर तिच्या काळाचा अंदाज साफ चुकणार. आत सुती भरण आहे की पॉलिएस्टर तेही लिहा, धुणारीवर उपकार होतील.

एकीने टॉप, म्हणजे वरचा तुकड्यांचा थर, जोडला आणि दुसरीने मशीनवर क्विल्टिंग केलं, म्हणजे सगळे थर एकत्र शिवले, तर नाव कोणाचं यावरून वाद होताना मी पाहिलेत. अहो दोघींचं! सासूचा अर्धवट राहिलेला टॉप सुनेने पुरा केला तर दोन नावं, दोन सालं, आणि कोणी काय केलं त्याची एक ओळ. यात भांडण्यासारखं काय आहे मला खरंच कळत नाही.

कशाने लिहायचं? सगळ्यात टिकाऊ म्हणजे दोऱ्याने भरलेली अक्षरं, ती कापडाबरोबर जगतात. तेवढा धीर नसेल तर कापडावर चालणारं पिग्मेंट शाईचं पेन, आधी खळ धुऊन काढलेल्या सुती तुकड्यावर, आणि मग वरून इस्त्री. बॉलपेन नको, ते स्पिरिटच्या वासाचे परमनंट मार्कर तर अजिबात नकोत, अक्षराभोवती डाग पसरत जातो. शाईचं दुखणं जुनंच आहे म्हणा, जुन्या लोखंडाच्या शाईने कापड कुजून अक्षरांच्या जागी भोकं पडायची. १८४० च्या दशकात अमेरिकेत मैत्रिणींच्या सह्यांच्या क्विल्ट्सची लाट आली तिला कापड न खाणारी शाई मिळायला लागली हेही एक कारण होतं.

आणि लेबल सगळ्यात शेवटी लावायचं ही सवय मोडा. शेवटी कंटाळा आलेला असतो, द्यायची घाई असते, राहतंच ते. अस्तर तयार झालं की त्यालाच लेबल शिवून टाका, मग थर एकत्र करून टाके घाला, म्हणजे टाके लेबलातूनही जातात. प्रदर्शनातून वगैरे कोणी उचलून नेली तर असं लेबल सहजासहजी उसवता येत नाही.

क्यूआर कोडची नवीन फॅशन आलीय, व्हिडिओ, फोटो, सगळं एका चौकोनात. हौस असेल तर लावा, पण शेजारी अक्षरांत नाव असू दे. गोधडी शंभर वर्षं टिकते, वेबसाइटचं भाडं पुढच्या वर्षी कोणी भरलं नाही की तुमचा कोड म्हणजे काळीपांढरी नक्षी.

घरात आधीपासून असलेल्या जुन्या गोधड्यांचं जरा जपून करा. थेट त्यांच्यावर काहीही लिहू नका, चिकटवू नका, सेफ्टी पिन लावू नका (गंजते). वेगळ्या तुकड्यावर लिहून फक्त अस्तराच्या थराला, सैल टाक्यांनी, सुती दोऱ्याने जोडा. कापड फारच विरलं असेल तर तेही नको, फोटो काढा आणि आम्लविरहित कागदावर लिहून सोबत ठेवा. नक्की माहीत नसेल तर 'अंदाजे' लिहा, ऐकीव असेल तर कोणाकडून ऐकलं ते लिहा. 'ही पणजीने लग्नात आणली होती असं थोरली काकू सांगते' हे वाक्य चालेल, पण काकूचं नाव घाला, आणि खाली तुमचं, म्हणजे लेबल कोणी लिहिलं ते, आणि आजची तारीख.