आळी रंगवायच्या आधी भिंतीची ओल काढा

जुन्या पेठांमधल्या आळ्या सुंदर करायचा उत्साह सध्या सगळीकडे दिसतो. कुठे मंडळाची पोरं, कुठे सोसायटीवाले, कुठे कला महाविद्यालयाचे विद्यार्थी रविवारी एकत्र येतात, भिंती रंगवतात, कुंड्या मांडतात. माणसं आपल्या आळीसाठी घराबाहेर पडतात याचं मोल मोठंच आहे. पण क्रम चुकतो. आधी रंगाचे डबे येतात, मग पेव्हर ब्लॉक, मग कुंड्या. भिंतीतली ओल, छपराची पन्हळ, रस्त्याची पातळी आणि आळीत काम करून पोट भरणारा माणूस यांचा विचार शेवटी होतो किंवा होतच नाही. एक पावसाळा गेला की चित्रातल्या चेहऱ्याचे पोपडे सुटतात आणि उत्साहही त्यांच्याबरोबर गळून जातो.

उदाहरण म्हणून पुण्याची कसबा पेठ घेते. तांबट आळी, बुरूड आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी ही नावं नुसती पत्त्यापुरती नाहीत. तांबट आळीत आजही तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम, म्हणजे हातोडीने ओळीत घाव घालायचं काम, चालतं. मेट्रोचं कसबा पेठ स्थानक २०२४च्या सप्टेंबरात सुरू झालं. आता इथल्या प्रत्येक चौरस फुटाकडे बिल्डरचं लक्ष असणार. म्हणून जे करायचं ते नीट आणि योग्य क्रमाने करायला हवं.

सुरुवात पाण्यापासून. बहुतेक वाड्यांच्या खालच्या भिंती दगड-विटांच्या, चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या, दीड-दोन फूट जाडीच्या. वर लाकडी सांगाडा आणि त्यात विटा. ही भिंत ओल पिते आणि बाहेरही सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, वर प्लास्टिक इमल्शन मारलं, की ओल बाहेर पडायची वाट बंद होते. मग ती भिंतीतून वर चढते, सोबत क्षार आणते, आणि सिमेंट संपतं तिथे, कमरेच्या किंवा खांद्याच्या उंचीवर, लोणा म्हणजे क्षारांची पांढरी पूड फुटते. लोक म्हणतात रंग हलका होता. रंग कितीही भारी आणला तरी हेच होणार, उलट भारी रंगाचा पापुद्रा जास्त घट्ट असल्याने तो सुटताना गिलावाही घेऊन सुटतो.

ओल आहे का हे बघायला यंत्र लागत नाही. फूटभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा, दोन दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतला दमटपणा आहे, तिथे आधी खिडकी उघडी ठेवायची सोय करा. जमिनीपासून एक, तीन आणि पाच फुटांवर असे तीन तुकडे लावले तर ओल कुठवर चढली आहे तेही कळतं.

मग कारण शोधा. पहिलं कारण छपरावर असतं: सरकलेली कौलं, तुटलेली पन्हळ, पन्हळीत उगवलेला पिंपळ. पिंपळाचं रोप नुसतं उपटलं तर मूळ आत राहतं आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतं. मुळापर्यंतचे दगड किंवा विटा मोकळ्या करून मूळ काढावं लागतं आणि मग ती जागा चुन्याने भरावी लागते. दुसरं कारण पायाशी असतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ते म्हणजे रस्त्याची वाढलेली पातळी.

दर काही वर्षांनी जुन्या थरावर नवा थर पडतो. वाड्याचं जोतं एकेकाळी रस्त्यापासून दोन पायऱ्या वर होतं, आता उंबरा रस्त्याच्या बरोबरीला किंवा खाली आहे. पावसाचं पाणी सरळ आत येतं, भिंतीचा तळ चार महिने भिजत राहतो. म्हणून रस्त्याचं काम निघालं की मंडळाने एकच मागणी लावून धरावी: आधी जुना थर खरवडून काढा, मग नवा टाका. कामाच्या आधी प्रत्येक उंबऱ्यापासून रस्त्याची उंची मोजून फोटोसकट लिहून ठेवा आणि ते पत्र वॉर्ड ऑफिसात देऊन पोच घ्या. नंतर तोंडी वाद घालून काही होत नाही, कागदावरचा आकडा कामी येतो. उतार मीटरला दोन ते अडीच सेंटिमीटर, भिंतीपासून दूर जाणारा. तीन मीटर रुंदीच्या बोळात दोन्ही भिंतींपासून मध्यापर्यंत तीन-साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो, तेवढा पुरतो.

पेव्हर ब्लॉक बसवायचेच असतील तर नुसत्या पायी रस्त्याला ६० मिलिमीटर जाडीचे चालतात. टेम्पो येणार असेल तर ८० मिलिमीटर लागतात. खाली दाबून घट्ट केलेली खडी, तिच्यावर तीन-चार सेंटिमीटर वाळू, आणि दोन्ही बाजूंना पक्की कड. कड नसली की ब्लॉक बाजूला सरकतात आणि सांधे उघडे पडतात. ब्लॉक खचतात ते बहुतेक वेळा केबल किंवा पाइपलाइनसाठी खणलेला चर न दाबता बुजवल्यामुळे. चर थराथराने, प्रत्येक थर पंधरा-वीस सेंटिमीटरचा, पाणी मारून ठोकत भरावा लागतो. तिथे आळीतलं कुणीतरी उभं राहायला हवं. झाडाच्या बुंध्याभोवती मात्र काँक्रीट नको आणि ब्लॉकही नकोत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरचा घेर मोकळा करायला सांगितलं होतं. तोच नियम आपण आपल्या आळीला लावून घ्यावा.

मांडवाबद्दलही बोलायला हवं, कारण पेठेत खरी संघटना गणेश मंडळाचीच असते. मांडवासाठी रस्त्यात खड्डे पाडले, उत्सवानंतर वरवर बुजवले, की पुढचे सगळे पाऊस त्या भोकांतून खाली मुरतात. त्यापेक्षा वाळूने भरलेल्या पिंपात खांब उभे करावेत. किंवा रस्त्याचं काम चालू असतानाच परवानगी घेऊन खांब रोवायला झाकणाचे लोखंडी पाइप जमिनीत कायमचे बसवून घ्यावेत. हा खर्च एकदाच होतो.

आता भिंत. सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेषेच्या वर दोन-तीन फुटांपर्यंत काढायचा, छिन्नी-हातोडीने, हळूहळू. ब्रेकर लावला तर मऊ विटांचे तुकडे पडतात. विटांमधले सांधे अर्धा ते पाऊण इंच खोल कोरून घ्यायचे, कोरड्या ब्रशने लोणा झाडायचा. तो पाण्याने धुऊ नका. क्षार विरघळून पुन्हा आत जातात. जाड भिंत वाळायला इंचाला महिना असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे दीड फुटी भिंतीला दीड वर्ष. तेवढं कुणी थांबत नाही, थांबायची गरजही नाही. उन्हाळ्यात उघडी केलेली भिंत दिवाळीपर्यंत तशीच ठेवा, मग चुन्याचा गिलावा करा. चुन्यातून ओल बाहेर पडत राहते, म्हणून भिंत पुढेही वाळत राहते.

चुना ताजा हवा. दुकानातली पिशवी जुनी असेल तर तिच्यातला चुना हवेने मेलेला असतो. चिमूटभर चुना पाण्यात कालवून त्यावर लिंबू पिळा. जोरात फेस आला तर तो चुना परत करा. कळीचा, म्हणजे भट्टीतून आलेला, अजून पाण्यात न विरवलेला चुना मिळाला तर उत्तम. तो विरवताना चुना पाण्यात टाकायचा, पाणी चुन्यावर ओतायचं नाही, आणि पिंप लोखंडी हवं, कारण पाणी उकळतं. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. डोळ्यात उडालाच तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने धुऊन थेट दवाखाना गाठा. या कामात शाळकरी मुलांना घेऊ नका. विरवलेला चुना किमान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवा, जितका मुरेल तितका तो थापीखाली लोण्यासारखा चालतो.

मापं अशी: एक भाग चुना, तीन भाग स्वच्छ चाळलेली वाळू. जोत्याजवळ, जिथे पाणी उडतं, तिथे एक चुना, एक सुरखी म्हणजे विटांची पूड, दोन वाळू. भिंत आदल्या रात्री भिजवून ठेवा. पहिला थर दहा-बारा मिलिमीटर, त्यापेक्षा जाड नको. दुसऱ्या दिवशी केसाएवढ्या भेगा दिसतील, त्या लाकडी रंध्याने दाबून घासून बंद करा. भेगा मोठ्या असतील तर वाळूत माती होती, थर जाड झाला किंवा ऊन थेट लागलं. गोणपाट ओलं करून आठवडाभर लावून ठेवा. दहा-पंधरा दिवसांनी पाच मिलिमीटरचा वरचा थर. गवंडी घाई करतील, कारण सिमेंटची सवय आहे. मजुरी दिवसावर न ठरवता भिंतीच्या चौरस फुटावर आणि थरांवर ठरवली की ही घाई थांबते.

वर सफेदी. एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी, एक दिवस ठेवायचं, जाड्याभरड्या कापडातून गाळायचं, दर दहा लिटरला चाळीस ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालायचा. हात पातळ द्या आणि तीन द्या. एकच जाड हात दिला तर सगळा चुना बोटाला येतो.

आणि मग चित्र. चुन्यावर प्रत्येक रंग टिकत नाही. गेरू, पिवळी माती, काजळी आणि नीळ टिकतात. रंगाची पूड चुन्याच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के, त्याहून जास्त झाली की हात लावला तरी सुटते. यामुळे रंग मोजकेच मिळतात, आणि माझ्या मते आळीला ते शोभतंही. जुन्या दगडा-लाकडाशेजारी भडक निळा-गुलाबी ओरडतो.

तांबट आळीसाठी मला सर्वांत योग्य वाटते ती कावी. कोकण-गोव्यातल्या जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर ही लाल-पांढरी नक्षी दिसते, आणि पुण्यातले तांबटही पेशवाईत कोकणातूनच आले. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा रंग मिसळलेल्या चुन्याचा दोन-तीन मिलिमीटरचा थर द्यायचा. तो ओला असतानाच नक्षी टोचून घ्यायची आणि नको तिथला तांबडा थर टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. दुपारपर्यंत जेवढं खरवडून होईल तेवढाच तुकडा सकाळी लिंपायचा, नाहीतर थर घट्ट होतो आणि कडा तुटतात. शेवटी गुळगुळीत गोट्याने घोटायचं. इथे चित्र म्हणजे गिलावाच असल्याने पोपडा सुटायचा प्रश्न राहत नाही. या कामाला चित्रकार आणि गवंडी दोघं एकत्र लागतात. दोघांची नावं भिंतीवर कोरा आणि दोघांना पैसे द्या. फुकटच्या श्रमावर उभं राहिलेलं काम पुढच्या वर्षी दुरुस्त करायला कुणी येत नाही.

परवानगीशिवाय हे करू नका. १९९५चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा चांगल्या चित्रालाही लागू होतो. मालकाचं लेखी पत्र घ्या, वाडा वारसा यादीत असेल तर महापालिकेच्या वारसा विभागाला आधी विचारा. मालकी दहा वारसांत विभागलेली आणि भाडेकरू जुने असतील तर दुरुस्ती कुणाचीच राहत नाही. भाडे नियंत्रण कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. त्याने नोटिशीनंतरही केली नाही तर भाडेकरूला ती करून खर्च भाड्यातून वळता करायची मर्यादित मुभा आहे. पण जुन्या भाड्यांचा आकडाच इतका लहान, की त्यातून कौलंही येत नाहीत. म्हणून वाड्याच्या आतल्या कामाला वर्गणी आणि बाहेरच्या सार्वजनिक कामाला पालिकेचा निधी अशी फोड करावी. पुणे पालिकेत २००६पासून नागरिकांनी अंदाजपत्रकात कामं सुचवायची सोय आहे. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास मागवतात. त्यात 'आळीचं सुशोभीकरण' लिहू नका. 'अमुक बोळात जुना थर खरवडून, भिंतीपासून उतार ठेवून फरसबंदी, लांबी इतके मीटर' असं लिहा. मोघम मागणीचं मोघमच काम होतं.

एवढं सगळं करून आळीतला तांबट गेला तर आपण फक्त एक छान गल्ली वाचवली. तापवून मऊ केलेल्या तांब्याच्या भांड्यावर ओळीने, एकाला एक लागून हातोडीचे घाव बसतात. त्या घावांनी तांबं कडक होतं आणि त्यावर ती चमकणारी खळ्यांची ओळ उमटते. यासाठी लोखंडी आधार जमिनीत पक्का रोवलेला लागतो, भट्टीच्या धुराला वाट लागते, माल चढवायला दार लागतं. पुनर्विकासात 'तुम्हाला पहिल्या मजल्यावर गाळा देतो' हे उत्तर चालत नाही, तळमजलाच हवा आणि तो करारात मापासकट हवा. दुसरा धोका आवाजाचा. ध्वनी नियमांत निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि मठारण्याचा आवाज त्याच्या कितीतरी वर जातो. नव्या इमारतीत नवे रहिवासी आले की पहिली तक्रार याच आवाजाची होते. म्हणून घर विकत घेणाऱ्याच्या करारातच तळमजल्यावर तांबटकाम चालतं आणि त्याच्या वेळा कोणत्या, हे लिहून घ्यावं. कारखान्याच्या आतल्या भिंतींना आणि छताला आवाज शोषणारं अस्तर, रस्त्याकडच्या दाराला दुहेरी झडप, आणि कारागिराच्या कानांना संरक्षण, हा खर्च चित्राच्या खर्चाआधी धरावा.

वर्षाची आखणी अशी बसते. एप्रिल-मे महिन्यांत छप्पर, पन्हळ आणि सिमेंट काढणं. पावसाळ्यात नुसतं बघायचं, प्रत्येक भिंतीवर ओल कुठे येते त्याची खडूने रेघ आणि तारीख. त्याच काळात पालिकेचा अर्ज. दिवाळीनंतर, थंडीत, गिलावा. भर उन्हाळ्यात चुना करू नका, तो मुरायच्या आत वाळतो. आणि कावीचा पहिला तुकडा पुढच्या जानेवारीत, रस्त्यावरून सहज न दिसणाऱ्या आतल्या भिंतीवर करा. तिथे एक पावसाळा काढू दे, मगच दर्शनी भिंतीला हात लावा.