आपल्याच सोसायटीतला तबलेवाला कसा वापरावा

दिवाळी संपली, आकाशकंदील उतरले आणि माझ्या डग्ग्याच्या (डाव्या हाताच्या तबल्याच्या) पुडीवर, म्हणजे चामड्यावर, चहाच्या कपाचा एक गोल डाग उरला. अगदी शाईला, म्हणजे त्यावरच्या काळ्या गोलाला, चिकटून. रोज सकाळी तो डाग बघतो आणि वाटतं, आपल्याला आलेला अनुभव चार लोकांच्या उपयोगी पडावा. आमच्या डोंबिवलीत हल्ली दर तिसऱ्या सोसायटीत दिवाळी पहाट असते. पोरंपोरी नटूनथटून फडके रोडला पळायच्या आत तीन अभंग, चार भावगीतं आणि फराळ उरकायचा असतो. गाणारी बाई बाहेरून आणावी लागते, पण तबलेवाला बहुतेक वेळा इमारतीतच सापडतो. तो कसा वापरावा हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. मिक्सरबरोबर पुस्तिका येते, तबलेवाल्याबरोबर येत नाही. म्हणून हा खटाटोप.

सुरुवात वर्षभर आधी करावी लागते. तबलेवाला दिवाळीला ताजा हवा असेल, तर उरलेले अकरा महिने त्याला वाजवू देऊ नये. सकाळी सातला त्याने ‘धा धा तिट धा धा तू ना’ सुरू केलं, की खालच्या मजल्यावरून छताला झाडूचा दांडा ठोकावा. (आमच्या खालच्या काकूंचा ठोका बऱ्याचदा नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येतो. माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांपेक्षा त्यांची लय पक्की आहे, हे मी कुठेही सांगायला तयार आहे.) मग सोसायटीच्या ग्रुपवर, नाव न घेता, ‘काही सभासद सकाळी ठकठक करतात’ असा मजकूर टाकावा आणि खाली सतरा जणांनी अंगठे उठवावेत. मग लेखी नोटीस. तबलेवाला गरीब प्राणी असतो. तो तबल्यावर रुमाल टाकेल, खाली गादी घालेल, खिडक्या लावून घेऊन मे महिन्यात घामाने निथळत बसेल. तरी नोटीस मागे घेऊ नये. सी विंगमध्ये तीन महिने फरशा फोडणं चाललंय, त्याबद्दल अवाक्षर काढू नये. ते काम आहे. हा रियाज आहे.

पूर्वीचे लोक चाळीस दिवसांचा चिल्ला, म्हणजे कोंडून घेऊन अखंड रियाज, करायचे म्हणे. आमच्या बिल्डिंगमध्ये चाळीस मिनिटांचा विक्रम माझ्या नावावर आहे.

लिफ्टमध्ये भेटल्यावर आस्थेने चौकशीही करावी. मला एका सद्गृहस्थांनी विचारलं, ‘‘तुम्ही रोज एकच ओळ वाजवता, पुढचं येत नाही का?’’

सप्टेंबर उजाडला की निमंत्रण द्यावं. ते द्यायला, ज्याने नोटिशीवर सही केली त्यालाच पाठवावं. त्याने पेढा पुढे करावा, खांद्यावर हात ठेवावा आणि म्हणावं, ‘‘तुम्ही काय, घरचेच!’’ या एका शब्दात पैशांचा विषय सुरू होऊन संपतोही.

तालीम ठेवू नये. त्याला सगळं येतंच.

पोस्टरवर गायिकेचा मोठा फोटो, बिल्डरचा त्याहून मोठा, मग माजी नगरसेवक, मग भावी नगरसेवक, आणि तळाशी मिठाईवाल्याच्या पत्त्याखाली ‘साथसंगत : सोसायटीचे कलाकार’. नावं घातली तर जागा पुरत नाही.

कार्यक्रम पहाटे साडेपाचला, उघड्या आवारात, चार मोठे स्पीकर लावून करावा. लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद हवेत, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. पण ते नियम बंद खोलीत, बिनमाइकचा, रुमाल टाकलेला तबला वाजवणाऱ्यांसाठी आहेत, हे नोटीस काढणाऱ्या समितीला पाठ असतं.

आता वाद्य लावण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच नवशिक्या संयोजकांचा गोंधळ होतो.

मी साडेचारला खाली उतरलो. आवारात वॉचमन आणि एक कुत्रा. पहाटेचं दव पडत होतं. चामडं दवाने ओल धरतं, सैल पडतं, सूर उतरतो. मंचाच्या डाव्या बाजूला, बरोबर माझ्या कानाशी, हॅलोजन लावला होता. तापलं की चामडं ताणतं, सूर चढतो. म्हणजे एकीकडे पाणी, एकीकडे शेगडी आणि मध्ये मी, हातोडी घेऊन. गाणाऱ्या ताईंनी फोनवर आपली पट्टी काळी पाच सांगितली होती. आल्या त्या पांढरी पाच घेऊन. पहाटे गळा खालीच असतो, त्यांचा काही दोष नाही. पेटीवाल्याने बोटं सरकवली. तानपुरा मोबाइलमधला, त्याला अंगठा पुरला. मी तिसऱ्या मजल्यावर पळालो दुसरा तबला आणायला, कारण एवढा खाली तो तबला उतरवला तर बोलतच नाही, नुसता भद्द वाजतो. लिफ्ट वीजबचतीसाठी सहापर्यंत बंद. तबला लाकडाचा असतो, सिसवाचा. जिन्यात त्याचं वजन कळतं.

आणलेला तबला लावायचा म्हणजे काय, तर आठ गट्टे (वाद्या ताणणारे लाकडी ठोकळे) आणि सोळा घरं (काठावरच्या वाद्यांमधल्या जागा). आधी गट्टे हलवून ढोबळ सूर जवळ आणायचा, मग गजऱ्यावर, म्हणजे काठाच्या वेणीवर, वरून, खालून हलके ठोके देत एकेक घर समोरच्या घराशी जुळवायचं. एक घर चुकलं तर चाट (कडेची पट्टी) एका सुरात बोलते आणि मैदान (शाईभोवतीचा भाग) दुसऱ्या. यासाठी दहा मिनिटांची शांतता लागते. म्हणून नेमक्या त्या दहा मिनिटांत साउंडवाल्याने ‘हॅलो, चेक, चेक’ करत नवरात्रातलं उरलेलं गरब्याचं गाणं लावावं. निवेदिकेने माइकवरून गोड आवाजात म्हणावं, ‘‘आपले तबलेवाले जरा पटकन करतील का, रसिक खोळंबलेत.’’ रसिक अकरा होते. त्यातले चार फराळाच्या टेबलापाशी.

तरीही सूर लागतोच, अनुभवाने लागतो. तर सूर लागला रे लागला, की सत्कार सुरू करावेत. आधी नाही, अजिबात नाही. आमच्याकडे सदतीस मिनिटं चालले. दीपप्रज्वलनाला सात काड्या, कारण वारा. मग शाल, श्रीफळ, ‘मी दोन शब्द बोलून आपली रजा घेतो’ असे पाच जण. एकानेही रजा घेतली नाही. तेवढ्यात पाहुण्यांना मंचावरच चहा आला. समितीतल्या एका काकांना माजींबरोबर फोटो काढायचा होता, हातात कप. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. डग्गा दिसला. गोल, वरून सपाट, उंचीलाही बेताचा. त्यांनी त्यावर कप ठेवला.

मी बघत होतो. हातात हातोडी होती आणि मी काही बोलू शकलो नाही, कारण माइक चालू होता आणि माजींचं ‘संगीत ही आपली संस्कृती आहे’ चाललं होतं. काकांचा कोपर लागला आणि कप कलंडला.

अहो, ती शाई असते! लोखंडाचा भुगा आणि भाताची लुगदी, एकावर एक बारीक बारीक थर, प्रत्येक थर दगडाने घोटलेला. करणाऱ्या माणसाची बोटं काळीठिक्कर पडलेली असतात. त्या काळ्या गोलामुळे डग्गा बोलतो, नाहीतर तो तांब्याचा हंडा आहे. आमचा चुकून पाय लागला तर आम्ही हात लावून नमस्कार करतो त्याला. आणि तुम्ही साखरेचा, आल्याचा चहा ओतता आणि वर म्हणता, ‘‘पुसून घ्या ना, काही होत नाही’’! पुसून? पुसायला ते काय डायनिंग टेबल आहे? मी सदऱ्याच्या बाहीने टिपलं, कारण दुसरं काहीच नव्हतं, आणि त्या ओल्या, फुगलेल्या पुडीवर पुढचा पाऊण तास भजनी ठेका वाजवला. घिस्सा घ्यायला, म्हणजे तळवा घासत आवाज काढायला गेलं की तळव्याला चिकट लागायचं. कुणाला कळलं नाही. ‘छान घुमतो हो तुमचा डावा,’ असंही एकजण म्हणाला.

असो. रागवायचं नाही असं ठरवून बसलो होतो. सूचनांकडे वळू.

मॉनिटर (स्वतःचं ऐकायचा स्पीकर) मागितला तर ‘देतो सर’ म्हणावं.

तबला दिसला की ‘वाह ताज!’ म्हणावं. हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला, अशा चेहऱ्याने म्हणावं. झाकीरभाई १५ डिसेंबर २०२४ ला गेले, ती जाहिरात अजून जायची आहे.

अभंग ऐन रंगात आला की चिठ्ठी पाठवावी : ‘थोडं उडतं होऊ द्या.’

निवेदिकेने मध्येच जाहीर करावं, ‘‘आणि आता आपल्यासाठी तबल्याची जुगलबंदी!’’ तबलेवाला एकच आहे याची काळजी करू नये. तो बिचारा आठ-दहा मात्रांचा मुखडा बांधून छोटा कायदा (बोलांची बांधलेली ओळ) सुरू करेल, तेच बोल उलटसुलट करत पलटे करेल, तिहाईकडे (तीनदा वाजवून समेवर संपणाऱ्या तुकड्याकडे) निघेल, आणि बरोबर तेव्हा फराळाच्या प्लेटा वाटायला घ्याव्यात. तिहाई दोनदा ऐकू येते, तिसऱ्या वेळी चकली.

लहान मुलांना मंचावर सोडावं. कला रुजली पाहिजे.

कार्यक्रमानंतर जवळ जाऊन विचारावं, ‘‘मस्त वाजवता. बाकी काय करता?’’

आणि मग पाकीट. पाकीट देताना फोटो काढावा, दोन्ही हातांनी द्यावं, वर कुंकवाचं बोट असावं. माझ्या पाकिटावर ‘सप्रेम भेट’ लिहिलं होतं. घरी जाऊन उघडलं. ५०१ रुपये. बायको म्हणाली, ‘‘एक रुपया वर दिलाय, शुभ असतो.’’ पेटीवाल्यालाही तेवढेच. मी म्हटलं, ठीक आहे, सोसायटीकडे कुठून पैसे असणार, वर्गणी किती जमते, लोक देत नाहीत. स्वतःची समजूत काढण्यात आमच्या लोकांचा हात कुणी धरणार नाही.

आठवड्याने नोटीस बोर्डावर हिशेब लागला. मंडप १८,०००. साउंड १४,०००. फराळ १८० प्लेटी, ९० रुपयांनी, १६,२००. शाली आणि स्मृतिचिन्हं ७,४००. गायिकेचं मानधन वेगळं, ते तिचं हक्काचं, त्याबद्दल बोलणं नाही. आणि सगळ्यात खाली : ‘किरकोळ (हार, अगरबत्ती, सुतळी, तबला-पेटी) २,१५०’.

सुतळी, तबला-पेटी. एका कंसात.

तेव्हा आता सूचना बास. सरळ बोलतो.

मी काय करतो विचारता ना? हेच करतो. सोमवारी आणि गुरुवारी कथकच्या क्लासला साथ करतो, मंगळवारी, शनिवारी मुलांना शिकवतो, बुधवारी एका शाळेत जातो, शनिवार-रविवार कार्यक्रम मिळाला तर दोन्ही बॅगा उचलून लोकलच्या सामानाच्या डब्यात उभा राहतो. ठाण्याला गुरुजींकडे अठरा वर्षं गेलो. विशारद पूर्ण व्हायला गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या सात परीक्षा द्याव्या लागतात, त्या दिल्या. ‘घरचेच’ काय? तुमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर दाताचे डॉक्टर राहतात, त्यांना कधी म्हणालात, ‘तुम्ही घरचेच, एक दाढ सप्रेम भेट काढा’? सीए आहेत, ऑडिटचे पैसे घेतात की नाही? प्लंबरला विचारता, ‘बाकी काय करता’?

याच महाराष्ट्रात अहमदजान थिरकवांसारखा तबल्याचा उस्ताद बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत वर्षानुवर्षं तबल्याला होता. एक नाटक कंपनी, स्वतः कर्जात बुडालेली असतानाही, तबलेवाला पदरी बाळगून होती. तुम्हाला १८० प्लेटी फराळ परवडतो आणि दोन साथीदार परवडत नाहीत. नाही, परवडतात. तुम्हाला ते द्यावेसे वाटत नाहीत, एवढं खरं बोला. मंडपवाला मागतो म्हणून त्याला देता. साउंडवाला आधी अर्धे घेतल्याशिवाय गाडी आत आणत नाही म्हणून त्याला देता. मी मागत नाही म्हणून मला सुतळीच्या शेजारी बसवता. आणि मी मागितलं नाही ही माझी चूक आहे, ती मी कबूल करतो, पुढच्या वेळी होणार नाही. पुढच्या वेळी आधी आकडा, मग तारीख.

आणि ती सकाळची ठकठक. त्या पाऊण तासात माझा हात एकदाही अडखळला नाही ना, ओल्या पुडीवरसुद्धा? तो हात त्या ठकठकीतून आला. एकच ओळ रोज वाजवतो म्हणून आला. तुम्हाला पहाटेचा अभंग हवा आणि सातचा कायदा नको, असं चालत नाही. मी उद्या सातला बसणार आहे, रुमाल न टाकता. काकूंनी झाडू खुशाल घ्यावा.

पुडीवाल्याला दाखवला डग्गा. म्हणाला, शाई सुटायला लागलीय, बदलावीच लागेल, १,४०० होतील. त्यातून तुमचे ५०१ वजा केले. ८९९ रुपये राहतात. रोख द्या, चेक द्या, क्यूआर कोड दारावर चिकटवून ठेवलाय. फक्त पाकिटात घालून आणू नका.