उपनगरात मॉल वाढवू इच्छिणाऱ्यांस सूचना

महामार्गालगत थोडी जमीन आणि शेजाऱ्यांविषयी थोडी बेफिकिरी, एवढे भांडवल आपल्यापाशी असेल तर मॉल उभारण्यासारखा उद्योग नाही. चतुर्थी आठवड्यावर आलेली असताना, एका रविवारी मी गोव्यात, पणजीपलीकडच्या पर्वरीच्या पठारावरील अशाच एका मॉलात कुकरची रिंग आणायला गेलो होतो. त्या अनुभवातून सुचलेल्या या सूचना आहेत.

प्रथम इतिहासाचा आधार घ्यावा. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, एडायना या उपनगरात, १९५६ साली साउथडेल हा संपूर्ण बंदिस्त आणि वातानुकूलित मॉल उघडला. पुढच्या सगळ्या मॉलांनी त्याचाच कित्ता गिरवला. त्याचा वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा. मोटारींच्या नादाने विस्कटलेल्या उपनगराला पायी हिंडण्याजोगा चौक द्यावा आणि भोवती घरे, शाळा, दवाखाना, तळे असे नांदते गाव वसवावे, हा त्याचा बेत होता. मॉल झाला, हजारो गाड्यांचा वाहनतळ झाला; त्याच्या मनातले गाव मात्र कागदावरच राहिले. उतारवयात त्याने या अपत्यांचे पितृत्व चारचौघांत नाकारले आणि तो व्हिएन्नाला परतला, तर १९७६ साली त्या शहराच्या वेशीवरही तसलाच एक मॉल येऊन बसला. उद्घाटनाच्या भाषणात आपण ग्रुएनचे नाव अवश्य घ्यावे आणि साउथडेलपाशीच थांबावे.

जागा पर्वरीसारखी पाहावी. मांडवीवर १९७० साली पूल झाला, १९८६ साली तो कोसळला, पुन्हा नवे पूल झाले, आणि पणजीत न मावणारे सर्व काही नदी ओलांडून पठारावर चढत गेले. २००० साली विधानसभा आली. गृहसंकुले आणि मोटारींची विक्रीदालनेही आली. आठवड्याचा बाजार तेवढा म्हापशालाच राहिला. माणसे वर आणि बाजार खाली, ही स्थिती मॉलसाठी फार पोषक असते.

प्रादेशिक आराखड्यात आपली जमीन शेती किंवा बागायत म्हणून रंगवलेली असल्यास खचू नये. ती नजरचूक असू शकते, आणि अशा चुका दुरुस्त करण्यासाठीच २०२३ साली नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घालण्यात आले. २०२५ साली उच्च न्यायालयाने त्याखालील नियम रद्दबातल केले खरे, परंतु चूक शोधणारी दृष्टी ज्यांना लाभली आहे त्यांना कलमांचा तोटा पडत नाही.

पायी येणाऱ्यांचा विचार करू नये.

खरी कला वाहनतळात आहे. प्रवेशाशी ‘पहिली पंधरा मिनिटे मोफत’ अशी ठळक पाटी लावावी. ग्राहक दोन मजले तळघरात उतरतो, खांबाचा क्रमांक पाठ करतो, तीन सरकते जिने चढतो आणि कुकरची रिंग विचारतो, तेव्हा त्याला सांगावे, ‘‘रिंग नाही सर, नवा कुकर आहे, सवलतीत.’’ मी दहाव्या मिनिटाला परत गाडीत बसलेलो होतो. चढावरची रांग पस्तीस मिनिटे जागची हलली नाही, कारण बाहेर उन्नत मार्गाच्या कामाने रस्त्याची चिरफाड झालेली आणि आत सुटण्याचा मार्ग एकच. धुराने डोळे चुरचुरत होते. मागच्या गाडीतले मूल रडून रडून झोपी गेले. अडसरापाशी पोहोचलो तर यंत्राने पन्नास रुपये मागितले. ‘‘मी तुमच्याच रांगेत अडकलो होतो,’’ असे म्हटल्यावर खिडकीतला मुलगा शांतपणे म्हणाला, ‘‘सर, सिस्टीम वेळ मोजते, रांग मोजत नाही.’’ त्या पोराला काय बोलणार? ज्याने हे वाक्य त्याच्या तोंडी घातले तो वर कुठेतरी गार हवेत बसलेला होता.

रिंग शेवटी शुक्रवारी म्हापशाला मिळाली. दुकानदाराने जुनी रिंग बोटांवर ताणून पाहिली, कुकर कोणता हे न विचारता खिळ्यावरच्या जुडग्यातून नेमकी तशीच काढली आणि कागदात गुंडाळून दिली. तो बाजार १९६० सालचा आहे. तिथे केळ्यांची ओळ वेगळी, मसाल्यांची वेगळी, आणि बाहेर पडताना कोणी दंड वसूल करत नाही.

आता हे सोंग पुरे. माणसाला तळघरात कोंडायचे आणि कोंडल्याचे भाडे त्याच्याकडूनच घ्यायचे, याला व्यवस्थापन म्हणत नाहीत, लुबाडणूक म्हणतात. सुटण्याची एकच वाट ठेवणाऱ्या इमारतीला परवानगी देणाऱ्या साहेबांनी एकदा चतुर्थीच्या आधीच्या रविवारी, सरकारी गाडी आणि पुढे धावणारा पोलीस सोडून, त्या चढावर उभे राहून दाखवावे. आणि तुम्ही-आम्ही तरी कोण मोठे शहाणे? त्या रांगेत मागे कितीतरी गाड्या होत्या. सगळ्यांनी हॉर्न वाजवले, सगळ्यांनी पैसे दिले. मीही निमूटपणे पन्नासाची नोट काढून दिली. पुढच्या वेळी पावती हातात धरून त्या अडसरापाशीच थांबा, आणि व्यवस्थापक खाली आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.