गच्ची गळतेय? घाई करू नका

सोसायटीच्या कमिटीवर निवडून आलात, अभिनंदन. आता चौथ्या मजल्यावरचे काका मोबाइलमध्ये छताच्या डागाचा फोटो घेऊन दारात उभे राहतील. त्यांना चहा द्या, निर्णय देऊ नका.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. तेव्हा छत ओलं आणि सभासद तापलेले, म्हणजे काळ धोक्याचा. म्हणून गच्चीचा विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' यात ढकला. तिथवर पोचेस्तोवर पार्किंगवरून दीड तास भांडण झालेलं असतं आणि समोसे गार. कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) न भरण्यावर मात्र भिस्त ठेवू नका. सभासदांपैकी दोन-तृतीयांश किंवा वीस, यांतला कमी आकडा पुरतो आणि तहकूब सभेला तर तीही अट नसते.

कोटेशनचं कारण जास्त टिकतं. तीन मागवा, पण काम काय करायचं ते लिहून देऊ नका. सगळी मेख इथेच आहे. मग एकजण जुना कोबा, म्हणजे गच्चीवरचा पाणी अडवणारा थर, फोडून नवा करण्याचा चौरस फुटाचा दर देतो, दुसरा आहे त्यावरच केमिकलचे दोन हात एकरकमी, तिसरा थेट पत्र्याची शेड. एकात राडारोडा उचलणं धरलंय, दुसऱ्यात जीएसटी धरलेलाच नाही. आता तुलनेसाठी उपसमिती नेमा, झाले तीन महिने. तिघांना एकच कागद दिला असता, त्यात क्षेत्रफळ, जुना थर काढायचा की नाही, पाइपाच्या तोंडाकडे दहा फुटांना निदान सव्वा इंच उतार, पॅरापेटच्या (कठड्याच्या) कडेने वाटा, म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर भराव, शेवटी तोंडं बंद करून ४८ ते ७२ तास पाणी साठवून चाचणी आणि लेखी हमी किती वर्षांची, एवढं असतं, तर अर्ध्या तासात फैसला झाला असता. मग उपसमितीने काय करायचं?

गच्चीवर स्वतः चढू नका. जाळीत अडकलेला पाचोळा, भिंतीच्या फटीतला पिंपळ, कोब्यात ठोकलेले डिशचे बोल्ट, सगळं दिसून बसेल. भर एप्रिलमध्येही डाग ओला असेल तर दोष पावसाचा नाही, टाकीचा किंवा नळाच्या लाइनचा, हे प्लंबर दोन मिनिटांत सांगतो. असं निदान आधीच झालं तर थोडक्या पैशांत काम उरकण्याची भीती असते. तेव्हा प्लंबरला बोलवायचं ते कोबा झाल्यावर.

व्हॉट्सॲपवर पोल जरूर घ्या. प्रश्न: 'वॉटरप्रूफिंग करावे का?' पर्याय: हो, नाही, बघू. दर फ्लॅटमागे किती रुपये, हे त्यात येता कामा नये, नाहीतर लोक विचार करून उत्तर देतात.

पुढचं आपोआप होतं. दिवाळी, मग लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, मे महिन्यात सगळे गावी. ऑक्टोबरपासूनचे कोरडे आठ महिने असे अलगद सरले की जूनमध्ये निळी ताडपत्री आणि चार विटा. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

इतिवृत्तात कोण करणार, कधीपर्यंत, किती खर्चापर्यंत, असलं काही लिहू नका. 'सविस्तर चर्चा होऊन योग्य वेळी योग्य निर्णय घेण्याचे सर्वानुमते ठरले' इतकं पुरे. सूचक म्हणून चौथ्या मजल्यावरच्या काकांचंच नाव घाला.