गीझर बंद आहे का?

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये नळदुरुस्ती निघाली की आधी गीझर बंद करावा, याविषयी कोणाचे दुमत नसते. वाद होतो तो गीझर बंद झाला हे कशावरून ओळखायचे यावर. आमच्या कोथरूडच्या घरात याचा माणशी एक पुरावा आहे. पत्नीच्या मते बटण वर गेले की गीझर बंद. चिरंजीवांच्या मते गीझरच्या पोटावरचा लाल दिवा विझला की बंद. आईच्या मते नळाला गार पाणी आल्याखेरीज काहीही बंद झालेले नसते. आणि प्लंबरच्या मते, "काका, तुम्ही बंद म्हणालात म्हणजे बंद."

निमित्त झाले ते खालच्या मजल्यावरच्या ओलीचे. पुण्यात छताला ओल आली की तिचे मूळ वरच्या मजल्यावर आहे हे गृहीतच धरतात. खालचे निवृत्त बँक अधिकारी ओलीची छायाचित्रे तारीखवार लावून घेऊन आले, आणि अशा पुराव्यापुढे मी काय बोलणार? प्लंबरने फरशीवर बोटाच्या पेराने टकटक केले, कान लावला आणि भिंतीतल्या गरम-गार पाण्याच्या मिक्सरमागचा जोड गळत असल्याचे जाहीर केले. त्या जोडापर्यंत पोचायचे तर गीझर उतरवणे भाग होते.

इथे एक कारागिरी पेच उभा राहिला. प्लंबर विजेला हात लावत नाही. "लाईटचं माझ्याकडे नाही," असे तो दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवावे तसे म्हणाला. इलेक्ट्रिशियनला फोन केला, तर तो म्हणाला, "आधी पाणी काढून ठेवा, मग येतो." पाणी काढण्यापूर्वी वीज तोडायला हवी, हे त्याला पटत होते, पण ती तोडायला तो यायला तयार नव्हता. अशा रीतीने गीझर दोन खात्यांच्या सीमेवर लोंबकळत राहिला आणि विद्युत खात्याचा कारभार माझ्याकडे आला.

आता वरील पुराव्यांची छाननी करणे प्राप्त होते. चिरंजीवांचा लाल दिवा पहिल्याच फेरीत बाद झाला, कारण आमच्या गीझरमधला तो दिवा पाणी तापवणारी कॉइल तापत असेपर्यंतच लागतो. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचले की थर्मोस्टॅट कॉइलचा पुरवठा तोडतो, दिवा विझतो, आणि वीज मात्र गीझरच्या उंबऱ्यावर तशीच उभी असते. पाणी जरा निवले की ती पुन्हा आत शिरते, मग तिथे कोणाचा हात आहे की पाना, हे ती पाहत नाही. पत्नीचे बटण त्याहून बरे, पण वायरिंग करणाऱ्याने फेज म्हणजे वीज आणणारी तार आणि न्यूट्रल म्हणजे परतीची तार यांची अदलाबदल केली असेल, तर साधे एकेरी बटण केवळ न्यूट्रल तोडते आणि फेज थेट कॉइलपर्यंत जिवंत राहतो. हे मी जेवणाच्या टेबलावर सविस्तर समजावून सांगितले. त्यावर पत्नीने, वायरिंग तुमच्याच देखरेखीखाली झाले होते, एवढेच सांगितले.

म्हणून मी डीबीचे, म्हणजे घरातल्या विजेच्या खटक्यांच्या पेटीचे, झाकण उघडले. आत प्रत्येक खटक्याखाली, म्हणजे एमसीबीखाली, बिल्डरच्या माणसाने पेन्सिलीने नावे लिहून ठेवली आहेत. "गीझर" असे लिहिलेली एमसीबी पाडली तेव्हा दिवाणखान्यातला पंखा थांबला. "पंखा" पाडली तेव्हा काहीच थांबले नाही, याचा खुलासा अजून व्हायचा आहे. अखेर मेन स्विचच पाडला आणि चिरंजीवांच्या खोलीतून वायफाय गेल्याचा आक्रोश उठला. मग प्लग ओढायला घेतला. गीझर असतो 2000 वॉटचा, म्हणजे 230 व्होल्टला जवळपास 9 अँपिअर. म्हणून त्याला 16 अँपिअरचा तो जाडजूड तीन पायांचा प्लग असतो, आणि वर्षानुवर्षे तापून तो सॉकेटशी एकरूप झालेला असतो. दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवत तो एकदाचा सुटला. त्याच्या पितळी पायांवर तपकिरी डाग होते, आणि प्लॅस्टिकला जळका वास येत होता; दुरुस्तीच्या यादीत एक कलम वाढले. जळका का होईना, पण प्लग माणसाच्या हातात आहे, हा पुरावा मात्र सर्वांनी एकमताने मान्य केला.

मेन स्विच पुन्हा वर करून वायफाय परत आणले आणि आईच्या पुराव्याकडे वळलो. तिची पद्धत शास्त्रशुद्ध होती: वीज तोडून गरम पाण्याचा नळ सोडून ठेवायचा, म्हणजे टाकीतले गरम पाणी बाहेर जाते, त्याच्या जागी गार पाणी भरते, आणि प्लंबरच्या अंगावर 60 अंशांचे पाणी पडण्याचा संभव राहत नाही. आम्ही बादल्या भरत बसलो. पाणी गरमच येत होते. एवढ्या बादल्या 25 लिटरच्या टाकीतून निघणे गणिताला धरून नव्हते. चिरंजीवांनी पुन्हा लाल दिव्याकडे पाहिले. तेव्हा लक्षात आले, की गच्चीवरचा सोलर आमच्या गरम पाण्याच्या नळाला परस्पर जोडलेला आहे आणि आम्ही विद्युत खात्याशी झगडत असताना सूर्यनारायण शांतपणे पुरवठा करत होते.

गच्चीची किल्ली सचिवांकडे असते, आणि सचिव नेमके शनिवारवाड्याजवळ लग्नाला गेलेले. त्या वेळेत प्लंबरने गीझरखालचा अँगल कॉक, म्हणजे पाणी बंद करायची छोटी तोटी, फिरवून पाहिला. बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी तो आपल्या जागी असा बसला होता की जोर केला तर कॉक राहील आणि पाईप येईल. "गुरुवारी करू या का? गुरुवारी महापालिकेचं पाणीच नसतं," पत्नीने सुचवले. परंतु महापालिकेने पाणी बंद केले तरी गच्चीवरची टाकी भरलेलीच असते आणि नळाला धार लागतेच, त्यामुळे गुरुवारची वाट पाहण्यात फायदा नव्हता.

किल्ली आली. गच्चीवर व्हॉल्व ओळीने उभे होते. त्यांवर पांढऱ्या रंगाने घातलेल्या फ्लॅटच्या क्रमांकांपैकी उन्हापावसाने बहुतेकांचा पहिलाच आकडा शिल्लक ठेवला होता. मी वर आणि चिरंजीव खाली नळापाशी, मध्ये फोन. एक व्हॉल्व बंद केला, तेव्हा चौथ्या मजल्यावरून साबण लावलेल्या एका गृहस्थांचा आवाज आला. दुसरा बंद केला, तेव्हा त्यांचा आवाज बदलला नाही, म्हणून पहिला उघडला. अशा लोकशाही मार्गाने आमचा सोलर सापडला. तो बंद करून नळ सोडला, तेव्हा पाणी खऱ्या अर्थाने गार झाले, आणि त्यानंतरच गार पाण्याचा आमचा व्हॉल्व बंद केला.

नळातून दोन घुटके, एक बारीक धार आणि मग काहीच नाही. "टाकी रिकामी," सर्वांचे एकमत. प्लंबरने पाना लावलाही. मी त्याला थांबवले, कारण गीझरमधून गरम पाणी वरच्या बाजूने निघते. खालून येणारे गार पाणी त्याला वर ढकलते. ढकलणाराच थांबला की नळ बंद पडतो आणि टाकी मात्र काठोकाठ भरलेली राहते. शिवाय खालच्या नळीवर पाणी उलटे जाऊ न देणारा व्हॉल्व असतो. खाली घमेले लावून तो सोडल्यावर 25 लिटर पाणी आले, सोबत पांढरे चुरचुरीत क्षार, आणि ते पाहून आई म्हणाली, "एवढं आपण रोज अंगावर घेतो होय?"

जोड बदलला, फरशी बसली, गीझर पुन्हा टांगला. आता सगळे उलट्या क्रमाने करायचे होते, आणि इथे आई आपल्या सदाशिव पेठेतल्या वाड्यातला बंब घेऊन उभी राहिली: बंबात पाणी ओतल्याशिवाय निखारे टाकायचे नाहीत, नाहीतर तांब्याचे डाक सुटून बंबाचा जीव जातो. कॉइलचेही तसेच, कोरड्या टाकीत ती चटकन जळते. मी गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून गार पाण्याचा व्हॉल्व हळूहळू उघडला. नळ आधी खोकला, फुर्र करून हवा बाहेर टाकली, पुन्हा खोकला, आणि नंतर सलग धार धरली. नवीन जोडाखाली वर्तमानपत्र पसरून आम्ही सगळे त्यावर ठिपका पडतो का, हे पाहत बसलो. एकही पडला नाही. सोलरही उघडला.

तेवढ्यात इलेक्ट्रिशियन आला. त्याने जळका प्लग पाहिला, मान हलवली, नवा बसवला, आणि सॉकेटपाशी प्लग धरून थबकला.

"काका, टाकीत पाणी भरलंय ना? नाही, पाण्याचं मला कळत नाही. प्लंबरला एकदा विचारून घ्या."

प्लंबर तोपर्यंत वारज्याला पोचला होता.